सात दिवसांचं प्रमोशन, २,४७८ रुपये आणि आमच्या आईंचे पाय

आधीच सांगून टाकते, ॲपचं नाव लिहीत नाहीये. ते रील-फोटोवालं ॲप तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे आणि हे वाचून झालं की निम्मे जण परत तिथेच जाणार, मी पण जाणार. आमचं मालवणजवळ देवबागला चार खोल्यांचं होमस्टे आहे, खाली खानावळ, जेवण सासूबाई आणि जाऊबाई बघतात, बुकिंग-हिशोब-फोन सगळं माझ्याकडे. त्यामुळे हे ॲप आमच्यासाठी टाइमपास नाही, धंद्याचं सामान आहे, गॅस सिलिंडर असतो तसं. आणि सिलिंडर अर्धा निघाला तर आपण गॅसवाल्याला दारात उभं करून ऐकवतो ना, मग याला का नाही.

तर घेतलेली सेवा अशी: एका रीलचं पेड प्रमोशन, दिवसाला ३०० रुपये, सात दिवस, म्हणजे २,१०० आणि वर १८ टक्के जीएसटी ३७८, टोटल २,४७८. एप्रिल २०२४, म्हणजे आमच्याकडे सीझनचं शेवटचं टोक. मे संपला की १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, पर्यटक नाहीत, मग गणपतीला चाकरमानी येतात ते स्वतःच्या घरी उतरतात. म्हणजे एप्रिल-मेत जे कमवाल त्यावर पावसाळा काढायचा. हे मुद्दाम सांगते कारण पुढे पंधरा दिवस कुठे गेले याचा हिशोब येणार आहे.

रील काय होतं, तर आमच्या आई (सासूबाई, वय ६७) सुकतीला (ओहोटीला) कर्लीच्या खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) काढतायत. तेवढंच. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, पाणी मांडीपर्यंत, वाकून हाताने वाळू चाचपतायत, टोपली शेजारी तरंगतेय, मग घरी आणून धुतल्या, शिंपले उघडले आणि एकशिपी (एका शिंपेसकट शिजवलेल्या तिसऱ्या) केली, शेवटी ताटात भाकरी आणि सोलकढी. जाऊबाईंनी काढला व्हिडिओ, तिचा हात चांगला आहे, ती टिकटॉकवर होती आधी, बऱ्यापैकी फॉलोअर जमवले होते तिने आणि २९ जून २०२० ला सरकारने ५९ ॲप एका झटक्यात बंद केली त्यात तिचं सगळं गेलं. त्या दिवशी ती जेवली नव्हती. ते वेगळं. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर असेल, पण चुलीपुढे बसून दोन वर्षं जमवलेली माणसं रात्रीत नाहीशी होतात हे आमच्या घराने तेव्हाच बघितलं होतं.

त्याच आठवड्यात भावोजींनी पण एक व्हिडिओ टाकला, त्याच अकाऊंटवर, फुकटात. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतानाचा. पंचवीस-तीस बाप्ये किनाऱ्यावर, सगळे उघडे, हाफ पँट नाहीतर नुसता टॉवेल गुंडाळलेला, घामाने चमकतायत, दोरी ओढतायत, हेल काढतायत. छानच होता व्हिडिओ, खोटं कशाला बोलू. चार दिवसांत लाखाच्या वर गेला. भावोजी सकाळी चहाला येऊन, "वैनी, माझो बघलात काय, लाख झाले!"

आमचा पैसे भरलेला व्हिडिओ पहिल्या दिवशी चालू झाला, दुसऱ्या दिवशी चालू होता, तिसऱ्या दिवशी सकाळी काढून टाकलेला. मेसेज मराठीत होता, म्हणजे ज्याला ते मराठी म्हणतात ते. "तुमची सामग्री प्रौढ लैंगिक विनवणीच्या धोरणाचे उल्लंघन करते." मी दोनदा वाचलं. आई शेजारी कोकमं सोलत होत्या, म्हणाल्या काय गो, काय म्हणता तो फोन? मी वाचून दाखवलं, लैंगिक शब्द गिळून. त्या म्हणाल्या, "प्रौढ म्हणजे माका म्हणतत काय गो?" आम्ही दोघी हसलो खूप. मग जाऊबाईने त्यांना खरा अर्थ सांगितला तेव्हा त्या हसायच्या थांबल्या. "पाण्यात लुगडा सोडून कोण जाता?" एवढंच म्हणाल्या आणि कोकमं घेऊन मागच्या पडवीत गेल्या.

आता इथे कोणी म्हणेल मशीन आहे, चुकतं, सोड. मी पण तेच म्हणाले असते. पण मशीन एकाच बाजूला कसं चुकतं हो? त्याच किनाऱ्यावर तीस बाप्ये उघडेबंब चालतात आणि आजीची पोटरी चालत नाही. रात्री जेवणं आवरल्यावर मी वाचत बसले तर कळलं की हे आमचंच रडगाणं नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या गार्डियन पेपरने मोठ्या कंपन्यांची फोटो तपासणारी एआय टूल घेऊन चाचणी केली होती, बायकांचे साधे रोजच्या आयुष्यातले फोटो, अगदी गरोदर बाईचं पोट सुद्धा, पुरुषांच्या फोटोंपेक्षा जास्त 'उत्तेजक' म्हणून मोजले जात होते. त्यात एक गंमत, उघड्या पुरुषाच्या फोटोला मशीनने २२ टक्के दिले आणि त्याच माणसाने ब्रा चढवल्यावर ९७ टक्के. म्हणजे अंग झाकलं तर मार्क वाढले! याचा अर्थ मशीन अंग बघतच नाहीये, बाईची खूण शोधतंय. लुगडं दिसलं, पाय दिसला, झालं. फोटोंना आधी लेबलं लावतात माणसं, त्यांच्या डोक्यात जे असतं तेच मशीन शिकतं, आणि ती लेबलं लावणाऱ्याने कधी सुकतीला तिसऱ्या काढणारी बाई बघितलेली नसणार. काष्टा हा आमच्याकडे कामाचा पोशाख आहे, लाइफजॅकेट असतं तसा. ओचे सोडून पाण्यात उतरलात तर पाय अडकून पडाल.

बरं, पहिल्या दोन दिवसांत जो व्हिडिओ चालला तो कोणाला दाखवला? हा भाग मला जास्त लागला. प्रमोशन लावताना मी 'ऑटोमॅटिक प्रेक्षक' ठेवलं होतं, कारण ॲपच सांगत होतं की हेच बेस्ट. रिपोर्ट उघडला तर दहातले नऊ बघणारे पुरुष, त्यातले बहुतेक १८ ते ३४. आमच्याकडे बुकिंग कोण करतं माहितीये? पुण्या-कोल्हापुरातल्या, बेळगावातल्या बायका. चाळीशीच्या. त्या फोन करतात, बाथरूम आतच आहे ना विचारतात, मुलांना कमी तिखट मिळेल का विचारतात, सासऱ्यांचं पथ्य सांगतात. नवरा फक्त गाडी चालवतो. आणि माझे पैसे घेऊन ॲपने माझा व्हिडिओ दाखवला कोणाला, तर ज्यांनी खाली कमेंट केल्या "रेट काय", आणि तो रेट तिसऱ्यांचा नव्हता. मी बावीस कमेंट डिलीट केल्या, आई बघायच्या आत.

म्हणजे बघा कसं आहे. एक मशीन म्हणालं या व्हिडिओत पाय आहेत म्हणून हा पुरुषांना दाखवू, क्लिक मिळतील. दुसरं मशीन म्हणालं या व्हिडिओत पाय आहेत म्हणून हा काढून टाकू. दोन्ही एकाच कंपनीची, आणि मधल्या दोन दिवसांचे पैसे माझे.

जाहिराती अशा वाटल्या जातात हे तपासून झालेलं आहे. २०२१ मध्ये ग्लोबल विटनेस नावाच्या संस्थेने ब्रिटनमध्ये फेसबुकवर नोकरीच्या जाहिराती टाकून बघितल्या, बाई-पुरुष काही निवडलं नव्हतं, तर मेकॅनिकची जाहिरात ज्यांना दिसली त्यात ९६ टक्के पुरुष आणि बालवाडीत मुलं सांभाळायच्या नोकरीची जाहिरात ज्यांना दिसली त्यात ९५ टक्के बायका. कोणी सांगितलं नव्हतं, मशीनने आपणच ठरवलं. आणि दुसरं एक कारण आहे ते कुठल्याही मच्छी मार्केटमधल्या बाईला लगेच कळेल. २०१९ मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे, लॅम्ब्रेख्ट आणि टकर या दोघी प्राध्यापिकांचा, विज्ञान-तंत्रज्ञानातल्या करिअरची जाहिरात १९१ देशांत लावली, बाई-पुरुष असा काही फरक न करता, तरी ती बायकांपेक्षा २० टक्क्यांहून जास्त पुरुषांना दिसली. का, तर तरुण बायकांची नजर महाग आहे, साबण-क्रीम-कपडेवाले सगळे तिच्यावरच बोली लावून बसलेत, आणि मशीनला सांगितलंय स्वस्तात जास्त लोकांना दाखव. म्हणजे लिलावात सुरमईचा भाव चढला की गरीब माणूस बांगडा घेऊन घरी येतो, तसं माझ्या ३०० रुपयांत मला पुरुष मिळाले. हे कळल्यावर नंतर एकदा मी हाताने 'महिला, ३० ते ५५, पुणे-कोल्हापूर-बेळगाव' निवडून बघितलं. माणसं खूपच कमी आली पण दोन बुकिंग आली. आधीच्यातून एकही नव्हतं आलं. तेव्हा तुम्ही कोणी होमस्टेवाले असाल तर ते ऑटोमॅटिक वगैरे अजिबात ठेवू नका.

आता तक्रार. ही पण सेवाच आहे, म्हणून तिचाही रिव्ह्यू.

ॲपमध्ये 'पुन्हा तपासा' असं बटण आहे, ते दाबलं, चार मिनिटांत उत्तर, "आम्ही पुन्हा तपासलं, निर्णय कायम". चार मिनिटांत कोणी माणसाने बघितलं असेल तर मी माझं नाव बदलेन. मग मालवणात आमच्या ओळखीचे एक वकील आहेत ते जेवायला आले होते, त्यांनी सांगितलं तक्रार अधिकाऱ्याला लिहा. मला माहितीच नव्हतं असा अधिकारी असतो. २०२१ चे आयटी नियम आहेत, २५ फेब्रुवारी २०२१ ला आलेले, त्यात ५० लाखांच्या वर युजर असलेल्या प्लॅटफॉर्मला भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमायला लागतो, त्याचं नाव-पत्ता साइटवर टाकायला लागतो, तक्रार आली की २४ तासांत पोच आणि, तेव्हाच्या नियमाप्रमाणे, १५ दिवसांत निकाल. आणि मोठ्या प्लॅटफॉर्मने स्वतःहून काही काढलं तर आधी कळवायचं, कारण द्यायचं, तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यायची, हे पण त्यातच आहे. माझ्या बाबतीत कळवलं ते काढल्यावर, आणि कारण म्हणजे ती प्रौढ विनवणी.

पत्ता शोधायला मला पाऊण तास लागला. सेटिंग, मग मदत, मग कायदेशीर, मग देश निवडा, मग एक लांब इंग्रजी पान, त्याच्या तळाला. वेळणेश्वरच्या जत्रेत हरवलेलं पोर लवकर सापडेल. मेल लिहिला, मराठीत लिहिला मुद्दाम, खाली इंग्रजी पण. व्हिडिओचे स्क्रीनशॉट, भावोजींच्या रापणीच्या व्हिडिओचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावून, आणि विचारलं की यात उघडं कोण आहे ते सांगा. पोच आली त्याच दिवशी, ती मशीनचीच. त्यानंतर शांतता. तेराव्या दिवशी (तेरावाच दिवस होता, आई म्हणाल्या योग्यच आहे) मेल आला, तुमचा व्हिडिओ चुकून काढला गेला होता, परत टाकलाय, गैरसोयीबद्दल दिलगीर. उरलेल्या दिवसांचे पैसे परत नाही, 'क्रेडिट' म्हणून दिले, म्हणजे परत त्यांच्याकडेच खर्च करायचे.

आणि परत टाकलेला व्हिडिओ किती जणांनी बघितला? एकशे चाळीस. त्यात अर्धे आमचे नातेवाईक. तोवर मे उजाडला होता आणि लोकांची सुट्टीची बुकिंग होऊन गेलेली. त्यानंतर महिनाभर त्या अकाऊंटवर काही टाकलं तरी वर येईना, भावोजींचा दुसरा रापणीचा व्हिडिओ पण तीन हजारांवर अडकला. तेव्हा कुठे भावोजींना राग आला. आधी ते म्हणत होते, वैनी तुम्ही उगाच मनाला लावून घेता.

खरी मेख इथे आहे. व्हिडिओ काढला तर मी तक्रार करू शकते. तक्रारीवर समाधान झालं नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं, जानेवारी २०२३ मध्ये अशा तीन समित्या नेमल्या आहेत, सगळं ऑनलाइन असतं, दिल्लीला जावं लागत नाही, हे चांगलंच आहे. पण मी अपील कशाविरुद्ध करू? व्हिडिओ तर परत आलाय. जागेवर आहे. फक्त कोणाला दिसत नाहीये. दुकान उघडं आहे पण रस्ताच वळवून नेलाय, असं. आणि रस्ता वळवलाय हे कोणी मान्यच करत नाही, विचारलं तर म्हणतात कंटेंट चांगला करा. चांगला म्हणजे कसा, बाप्ये घालू का त्यात?

युरोपात याचं काहीतरी केलंय. त्यांचा डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट २०२२ चा, १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू झाला, म्हणजे आमच्या एप्रिलच्या दोनच महिने आधी. त्यात नुसती पोस्ट काढली तरच नाही, पोस्ट खाली ढकलली, दिसणं कमी केलं तरी कारण लिहून द्यावं लागतं. आणि तक्रारीचा निकाल नुसत्या मशीनवर सोडता येत नाही. शिवाय ज्यांचे तिथे साडेचार कोटींच्या वर युजर आहेत त्यांनी तुमची माहिती न वापरता चालणारा फीडही द्यायला हवा. आपल्या २०२१ च्या नियमांत पण एक वाक्य मी शोधून काढलं, बलात्काराचे आणि लहान मुलांवरच्या अत्याचाराचे व्हिडिओ मशीनने हुडकण्याचा जो भाग आहे तिथे म्हटलंय की ही मशीन भेदभाव करतात का ते तपासा आणि माणसाची देखरेख ठेवा. म्हणजे दिल्लीत बसलेल्या कोणाला तरी २०२१ मध्येच माहिती होतं की मशीन भेदभाव करू शकतं. मग तेच वाक्य रीचला, म्हणजे पोस्ट किती जणांना दिसते त्याला, का नाही, जाहिरातीला का नाही? तिथे तर पैसे घेतात.

यावर आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर रोज भांडण. आमचे हे म्हणतात सरकारने एकदा दांडका घेऊन बसायला पाहिजे या कंपन्यांवर. मी म्हणते बसू दे, पण दांडका कोणाच्या पाठीत पडतो ते पण बघा. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरला दोन मुलींना अटक झाली होती, एकीने फेसबुकवर मुंबई बंदबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि दुसरीने फक्त लाइक केलं म्हणून. पालघर म्हणजे आपलाच किनारा, उत्तरेचा. त्यांना लावलेलं आयटी कायद्याचं ६६ अ कलम पुढे सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. आणि २० सप्टेंबर २०२४ ला मुंबई हायकोर्टात सरकारची आयटी नियमांतली फॅक्ट चेक युनिटवाली दुरुस्ती पडली, सरकारबद्दलची कुठली बातमी खोटी ते सरकारच ठरवणार होतं त्यात. म्हणून मला सरकारने माझी पोस्ट तपासायला नको आहे. मला त्याने वजनकाटा तपासायला हवा आहे. मालवण बाजारात वजनमापवाले येतात ना, मासे कुठले विका ते नाही सांगत, काट्यावर शिक्का आहे का ते बघतात. तसं. किती बायकांचे व्हिडिओ काढले, किती पुरुषांचे, किती परत टाकले, जाहिरात कोणाला दाखवली. काढल्याचे आकडे दर महिन्याला छापतात हे मोठे प्लॅटफॉर्म, नियमच आहे तसा, मी उघडून बघितले तर लाखांत संख्या आणि बाई-पुरुष काही नाही. काटा आहे, शिक्का नाही.

हे म्हणाले, बायकांची एवढी वेगळी मोजणी कशाला. मी म्हटलं आज भाकऱ्या तुम्ही थापा.

रेटिंग मागतात म्हणून देते. प्रमोशन सेवा, पाचपैकी एक, तो पण हाताने प्रेक्षक निवडता येतात म्हणून. आपोआप तपासणी, शून्य. तक्रार अधिकारी, दोन, कारण उशिरा का होईना परत टाकला आणि चूक मान्य केली. तुम्हाला करायचं झालं तर ॲपमधल्या बटणावर थांबू नका, थेट मेल करा, तारीख लिहून ठेवा, स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा कारण काढल्यावर रिपोर्ट पण दिसत नाही, आणि तेच दुसऱ्या कोणाचं चालत असेल तर ते शेजारी लावा, माझं काम त्यानेच झालं असं मला वाटतं. बाईचा फोटो मॉर्फ करून, नाहीतर कपडे काढलेला टाकला असेल तर तो वेगळा विषय आहे, त्याला तेव्हाच्या नियमात २४ तासांची मुदत होती आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर पण फोन करा, तिथे वाट बघत बसायचं नाही.

बाकी आमची बुकिंग अजूनही जास्त तोंडीच येतात. वेंगुर्ल्याला बायकांनी चालवलेली कांदळवनातली होडीची सफर आहे, तिकडे जाणारे लोक इकडे जेवायला येतात, एक ग्रुप दुसऱ्याला सांगतो. ती पण शिफारसच, फक्त करणारीचं तोंड दिसतं.

आत्ता दिवाळीचं बुकिंग चालू आहे. अमावास्येला मोठी सुकती, खाडी लांबपर्यंत उघडी पडते, तिसऱ्या भरपूर मिळतात. जाऊबाई म्हणाली परत काढूया व्हिडिओ. मला वाटलं आई नाही म्हणतील, एप्रिलपासून त्या मोबाइल दिसला की बाजूला होतात. काल कंदिलाचं सामान काढताना त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, "लुगडा वायच खाली सोडू काय गो ह्या टायमाक?"

मी म्हटलं, नको आई, भिजतला.